बाळ गप्प आहे, पण सुखात आहे का?

मागील अंकात आम्ही जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांविषयी लिहिले होते. ते वाचलेल्या एक आजी रविवारी विहाराच्या पायरीवर भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, कागदपत्रांचं लिहिता ते चांगलंच आहे. पण माझ्या सुनेला मुलगा झालाय. रात्रभर रडतो. दहा बाय बाराची खोली, कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. त्याला गप्प कसं करावं, त्याचंही काहीतरी लिहा की."

आम्ही डॉक्टर नाही. हिशेबाच्या वह्या सांभाळणारे कारकून आहोत. पण हा विषय आमच्याच घरात एकदा फार महागात पडणार होता आणि त्यात चूक आमची होती. म्हणून आजींचा शब्द मोडवला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सरकारी रुग्णालयात सुखरूप बाळंत झाली. आम्हाला नात झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ-बाळंतीण घरी आली. त्या रात्री नात सारखी रडत होती. एका खोलीत आम्ही सहा माणसे. सकाळी आम्हाला ऑफिसची गाडी गाठायची, मुलाची परीक्षा चालू. भिंतीपलीकडून शेजारच्या मावशींनीही विचारले, "बाळाचं पोट दुखतंय का गं?" सकाळी आमच्या आईने सहाण काढली आणि गुटी उगाळून बाळाला चाटवली. बाळ झोपले. चौथी रात्र अगदी शांत गेली. पाचव्या दिवशीही बाळ झोपूनच. येणारा-जाणारा म्हणू लागला, "किती शहाणी आहे हो नात! आवाजसुद्धा नाही." आम्हीही ऑफिसात पेढे वाटताना हेच कौतुकाने सांगितले.

त्या दिवशी संध्याकाळी वस्तीतल्या आशाताई आल्या. तिसऱ्या दिवशी त्या येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा आम्ही घरी पोचलो नव्हतो. त्यांनी मुलीला दोनच प्रश्न विचारले. कालपासून बाळाला अंगावर किती वेळा घेतलेस? आणि लंगोट किती ओले झाले? मुलीने आईकडे पाहिले, आईने आजीकडे पाहिले. कुणालाच सांगता येईना. आशाताईंनी बाळाचे पाय हातात घेतले. पाय गार होते. तळवे पिवळे दिसत होते. वजन केले, ते जन्माच्या वजनापेक्षा बरेच उतरले होते. त्या म्हणाल्या, "दादा, हे बाळ शहाणं नाही, उपाशी आहे. रडायची ताकद राहिली नाही तिच्यात. आत्ताच्या आत्ता निघा."

कावीळ वाढली होती. तीन दिवस बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले. एका परिचारिकेने मुलीजवळ तासन् तास बसून दूध कसे पाजायचे ते शिकवले. बाळ नीट ओढू लागेपर्यंत आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने पाजले. चौथ्या रात्री नात खणखणीत रडली तेव्हा आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले की, बाळाने स्तन तोंडात नीट धरला नव्हता म्हणून दूध पोटात जात नव्हते आणि दूध कमी पडले की कावीळ चढते. त्यात आम्ही गुटी चाटवली, बाळाला गुंगी आली आणि भुकेचे रडणेही थांबले. त्या गुंगीला आम्ही घरभर माणसे सुख समजत होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे. बाळ गप्प असणे आणि बाळ सुखात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बाळाला गप्प करण्याच्या मागे लागतो. ते सुखात कसे राहील हे पाहिले, तर गप्प बसायचे ते आपोआप बसते.

ही चूक आपल्या कष्टकरी घरांत जुनीच आहे. आमच्या आईची आजी मुंबईत गिरणीत कामाला होती. 1920 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन कामावर जात. तिला बाळागोळी म्हणत. त्या बाया वाईट आया नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभे राहायचे, बाळाला पाहायला कोणी नाही आणि काम सोडले तर चूल पेटत नाही. बाळाची झोप त्यांनी नाइलाजाने विकत घेतली होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला काही काळ विश्रांती मिळालीच पाहिजे, ती राष्ट्राच्याच हिताची आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, ही बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडली. पुढे 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. कायद्याची माहिती पुन्हा कधी देऊ. आज एवढेच लक्षात घ्या की, बाळाचे सुख आईच्या विश्रांतीशी बांधलेले आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच आपल्याला सांगून झाले आहे.

आता बाळ सुखात आहे हे ओळखायचे कसे?

आम्ही कारकून माणूस, म्हणून हिशेबाचीच रीत सांगतो. एक जुनी वही घ्या. मधे रेघ मारा. डाव्या बाजूला बाळाला किती वेळा पाजले ते लिहा. उजव्या बाजूला लंगोट किती ओले झाले आणि शी किती वेळा झाली ते लिहा. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणे व्हायला हवे, त्यात रात्रही आली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. पहिली शी काळी असते, ती चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते. उजवी बाजू रिकामी राहिली तर डावीकडे काहीतरी कमी पडते आहे असे समजावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, पण दोन आठवड्यांच्या आत ते जन्माइतके भरून यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी एका डब्यात चिंचोके टाकत जावे. हिशेब महत्त्वाचा, वही नव्हे.

पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक. ते अजूनही काही घरांत पिळून टाकतात. असे कधीही करू नका. ते थोडेच येते, पण बाळाचे पोटही तेव्हा तेवढेच असते. रोगांशी लढण्याची पहिली ताकद बाळाला त्यातूनच मिळते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पुढे सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध नको, साखरेचे पाणी नको, गुटी नको, ग्राईप वॉटर नको. उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी नको, कारण आईच्या दुधात बहुतेक भाग पाण्याचाच असतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध किंवा थेंब एवढाच अपवाद. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नये. त्यातून होणारा विषार जिवावर बेतू शकतो.

पाजताना बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि नुसते बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात हवा. आईला दुखत असेल तर बाळाने नीट धरलेले नाही. हलकेच सोडवून पुन्हा लावावे. दूध गिळल्याचा आवाज येतो, तो कान देऊन ऐकावा. पाजून झाल्यावर बाळाला खांद्याशी उभे धरून पाठीवरून हात फिरवावा म्हणजे ढेकर येते. हे काम आजोबाही करू शकतात. आम्ही केले आहे.

दुसरे सुख उबेचे. तान्ह्या बाळाचे अंग लवकर गार पडते. पोटाला हात लावा, मग पावलांना लावा. दोन्ही ऊबदार असतील तर बाळ मजेत आहे. पोट ऊबदार पण पावले गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार लागली तर तो धोका समजावा. ऊब देण्याचा सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे. बाळाला नुसता लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे आणि दोघांवरून पांघरूण घ्यावे. 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचपेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी कमी दिवसांच्या बाळांसाठी हा उपाय सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला. पूर्ण दिवसांचे बाळही छातीशी घेतले की शांत होते. आईला झोप हवी असेल तेव्हा बापाने बनियन काढून बाळाला छातीशी घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही. पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बाळाला लोकरीचे टोपडे आणि तीन दुपटी गुंडाळू नका. मोठ्या माणसापेक्षा एक कपडा जास्त, एवढे पुरे. मानेशी घाम आला तर एक कपडा काढावा.

पहिली आंघोळ निदान 24 तास तरी घालू नये. बाळ कमी वजनाचे असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून काढावे. नाळेला काहीच लावायचे नाही. हळद, राख, तेल काही नको. ती कोरडी राहिली की आपोआप गळून पडते. लंगोट नाळेच्या खाली बांधावा. मालिश हलक्या हाताने करावी, त्याने बाळाला बरे वाटते. पण नाका-कानात तेल सोडू नये, हात-पाय ओढू नयेत आणि छाती पिळू नये. काही बाळांची छाती सुजल्यासारखी दिसते, ती आपोआप उतरते. डोळ्यांत काजळ घालू नये. त्यात शिसे असू शकते आणि बोटाची घाण डोळ्यात जाते ती वेगळीच. शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून बंद खोलीत धुरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्या धुराने बाळाची छाती कोंडते. शेक घ्यायचा तो गरम पाण्याच्या पिशवीने बाळंतिणीने घ्यावा. बाळाजवळ निखारे आणि धूर नको.

झोपवताना बाळाला पाठीवर झोपवावे. उशी नको, मोहरीची उशीसुद्धा नको. तोंडाजवळ गोधडीचा बोळा नको. साडीच्या झोळीत निजवले तर कोणीतरी नजर ठेवावी, कारण मान छातीवर पडली तर बाळाचा श्वास अडतो. रात्री बाळाला आईजवळ सपाट जागी निजवावे. दारू प्यालेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. विडी-सिगारेट घरात नको. हे लिहिताना आमचा कोणावर रोख नाही, पण वस्तीत काय चालते ते सर्वांनाच ठाऊक आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. पोट भरले, लंगोट कोरडा आहे, अंग ऊबदार आहे, तरी बाळ रडते. असे होते. तान्हे बाळ दिवसातून सोळा-सोळा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्र आणि दिवस त्याला कळत नाही. दुसऱ्या आठवड्यानंतर रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कमी होते. बहुधा संध्याकाळीच हा गोंधळ असतो. यात बाळाचा दोष नाही, आईच्या दुधाचा दोष नाही आणि कोणाची दृष्टही लागलेली नाही. पुन्हा अंगावर घेऊन पाहावे. लंगोटाची गाठ टोचते का, बोटाला धागा गुंडाळला आहे का, हे पाहावे. मग छातीशी धरून हळू आवाजात गुणगुणत येरझारा घालाव्यात. दिवा मंद करावा, टीव्ही बंद करावा. एक माणूस थकला की दुसऱ्याने घ्यावे. कितीही राग आला तरी बाळाला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. फारच असह्य झाले तर बाळाला अंथरुणावर पाठीवर ठेवून दोन-चार मिनिटे दाराशी जाऊन उभे राहावे. तेवढ्या रडण्याने बाळाचे काही बिघडत नाही.

आणि सासूबाईंनो, आत्याबाईंनो, एक विनंती. बाळाला मांडीवर घेण्यासाठी सगळे येतात. बाळंतिणीचे कपडे धुवायला, तिच्यासाठी भाकरी थापायला कोण येते? डिंकाचे लाडू परवडले नाहीत तरी चालेल. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि हवे तेवढे पाणी तिला मिळाले पाहिजे. मुलगी झाली म्हणून घरात तोंडे पाडलेली असतील तर त्या घरात बाळंतीण सुखात राहील कशी? पहिल्या काही दिवसांत तिला उगाच रडू येते, ते ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर नाटक करते असे म्हणू नका. तिला डॉक्टरांकडे न्या.

आपल्या आशाताईंची किंमत ओळखा, असेही आम्ही सांगू. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. नवजात बाळांचे मृत्यू तिथे निम्म्याहून खाली आले. हे काम 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 2011 मध्ये केंद्र सरकारने देशभर तशी योजना सुरू केली. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ झोपले आहे म्हणून वजन नको, असे म्हणू नका. आम्ही त्या दिवशी तसे म्हटले असते, तर आज हा लेख लिहिला नसता.

पुढील खुणा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. बाळ दूध ओढत नाही. हलवले तरच हालचाल करते. अंग तापले आहे किंवा गार पडले आहे. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेते किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. झटके येतात. पहिल्या चोवीस तासांत कावीळ दिसते किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होतात. नाळेतून पू येतो किंवा भोवती लाल झाले आहे. उलटी हिरवी होते. यातले एक जरी दिसले तरी गुटी नाही, अंगारा नाही, 'सकाळी बघू' नाही. 102 किंवा 108 ला फोन करा आणि निघा. बाळाला वाटेत छातीशी धरून ऊब द्या. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात. पैशासाठी थांबू नका.

आमच्या आईला आम्ही कधी बोल लावला नाही. तिला तिच्या सासूने शिकवले तेच तिने केले, आणि गुटी उगाळताना आम्ही तिथेच उभे होतो. नात रुग्णालयातून घरी आली त्या दिवशी आईने सहाण धुऊन माळ्यावर ठेवून दिली. लंगोटांचा हिशेब मग तिनेच ठेवला. लिहिता येत नाही म्हणून चिंचोके मोजले. आता नात दोन वर्षांची आहे. शहाणी वगैरे मुळीच नाही, घर डोक्यावर घेते.

तर आजी, तुमच्या नातवाला गप्प करण्याचे औषध आमच्याजवळ नाही. तो रडतो आहे तोवर काहीतरी मागतो आहे. आज घरी जाऊन लंगोट मोजा. सहा भरले, पाय ऊबदार लागले आणि तो दूध ओढत असेल, तर त्याला खुशाल रडू द्या आणि आळीपाळीने खांद्यावर घ्या. सुनेला मात्र दुपारी दोन तास झोपू द्या.

पुढच्या रविवारी विहारात भेटू तेव्हा हिशेब सांगा.

जयभीम.